सीलबंद खोलीतला निरोप

प्रति,
मा. जिल्हा शिक्षण संचालक,
जिल्हा शिक्षण कार्यालय,
वीया कांतुता.

अर्जदार : एदुविहेस कोल्के पोमा, शिक्षिका (डिजिटल कथाकथन व माध्यमकला), माध्यमिक विद्यालय, पाकोकाला.

विषय : माध्यमकला वर्गाची सीलबंद खोली, मृतात्म्यांचे आगमन होण्यापूर्वी, फक्त एका तासासाठी उघडून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे प्रशस्तिपत्र (जुलै). २) आपल्याच कार्यालयाची कारणे दाखवा नोटीस (ऑगस्ट). ३) सीलजवळ धार्मिक कृत्य न करण्याबाबत समजपत्र (सप्टेंबर). ४) माझे यापूर्वीचे अर्ज, ज्यांपैकी एकाचे उत्तर मिळाले आहे.

महोदय,

"यंत्रं आली की आधी त्यांना पाजा, बाई. मगच कामाला लावा. तहानलेलं यंत्र मन लावून काम करत नाही."

वरील सूचना आमच्या शाळेच्या पालक समितीचे तत्कालीन अध्यक्ष दिवंगत श्री. फेर्मिन वाराची यांनी मला फोनवरच्या ध्वनिसंदेशातून दिली होती. ज्या कृत्याबद्दल मजवर कारवाई प्रस्तावित आहे, ते या सूचनेच्या पालनार्थ घडले. आणि ज्या खोलीला आपण सील ठोकले आहे, त्याच खोलीत हा आवाज अडकून पडला आहे. त्यापायी उद्यापर्यंत काय ओढवणार आहे हे आपणांस समजावे म्हणून सर्व हकीकत सविनय मांडते. अर्ज लांबला तर क्षमा असावी. मला बोलताना फारसे शब्द सुचत नाहीत. मुले म्हणतात, "बाई, तुमचा आवाज माईकलासुद्धा ऐकू जात नाही." लिहिताना मात्र थांबवत नाही.

१. पाकोकाला येथे मी गेली अनेक वर्षे शिकवते. रोज पहाटे जपमाळ, शुक्रवारी उपास आणि माध्यान्हीची घंटा होईपर्यंत आवाज चढवायचा नाही, अशी माझी व्रते आहेत. ती माझी खाजगी बाब असून शासनास त्यांचा उपद्रव नाही. माझ्या वर्गात पाचवी-सहावी माध्यमिकची मुले आपल्या घरची, शेतातली, रस्त्यावरची गोष्ट तीन-चार मिनिटांत चित्र आणि ध्वनी जोडून सांगायला शिकतात. पद्धत अशी की आधी यंत्राला हातही लावायचा नाही. सर्वांनी गोल बसायचे, ज्याची गोष्ट त्याने तोंडी सांगायची आणि ऐकणारा जिथे चुळबुळ करू लागला तिथे खूण करायची. त्यानंतर आवाज. चित्रे सर्वांत शेवटी. एका मुलाने कळपातून हरवलेल्या लामाची गोष्ट केली. तीत लामा एकदाही दिसत नाही, फक्त त्याच्या गळ्यातली घंटा वाजते, आणि ती पाहून त्याच्या आजोबांनी उठून दाराबाहेर जाऊन शोध घेतला. असा हा वर्ग आहे.

२. ही यंत्रे, म्हणजे वर्गाचे संगणक, मिळावीत म्हणून श्री. फेर्मिन आपल्या कार्यालयाचे उंबरठे झिजवत असत. ते ट्रक चालवत. वीया कांतुताची खेप असली की आपल्याकडे डोकावल्याशिवाय परत येत नसत. आपले तेव्हाचे शिपाई त्यांना पाहून म्हणत, "आले यंत्रवाले." यंत्रे येण्याच्या दोन वर्षे आधी, कार्निव्हल होऊन गेल्यावर थोड्याच दिवसांत, त्यांचा ट्रक घाटात दरीत गेला. यंत्रे त्यांनी पाहिली नाहीत.

३. यंदा फेब्रुवारीत यंत्रे आली, आणि आली ती नेमकी कार्निव्हलच्या आठवड्यात. मंगळवारी आपल्या मुलखात घर, गाडी, शिवणयंत्र, बटाट्याचे वावर, ज्याच्यावर पोट चालते त्या सर्वांवर शिंपण होते, हे मी आपणांस सांगायला नको. पालक समितीचे सध्याचे अध्यक्ष श्री. हेर्मोहेनेस निना सकाळीच कागदी फिती, फुलांच्या पाकळ्या आणि दारूची बाटली घेऊन हजर झाले. म्हणाले, "फेर्मिनचा शब्द आहे, बाई. तो तिकडून बघतोय." प्रत्येक यंत्राला फीत बांधली, पाकळ्या वाहिल्या, आणि बाटलीच्या टोपणातून एक-एक थेंब आधी जमिनीवर धरणीमातेला आणि एक यंत्राच्या कडेला, असे केले. कळफलकावर नाही, कडेला. तेवढी काळजी त्यांनी घेतली.

फक्त सातव्या यंत्राला टोपणभर दिले. कारण असे की ते खोक्यातून काढले तेव्हापासून चालूच झाले नव्हते. श्री. हेर्मोहेनेस त्याच्याकडे पाहून म्हणाले, "हे बिचारं लांबच्या प्रवासानं दमलंय. ह्याला थोडं जास्त लागणार." म्हणजे दारूने यंत्र बंद पडले नाही, महोदय, यंत्र बंद होते म्हणून दारू पाजली. नोटिशीत हा क्रम उलटा लागला आहे.

तसेच नोटिशीत फक्त मद्याचा उल्लेख आहे. मी स्वतः दारूला शिवत नाही, परंतु त्याच दिवशी पाद्रीबाबांकडून आणलेले पवित्र पाणी मी सर्व यंत्रांवर शिंपडले, सातव्यावरही. ते नोटिशीत राहून गेले आहे. चौकशी करायचीच तर ती पुरी व्हावी, म्हणून कळवते.

४. त्या मंगळवारी मुलांनी हे सगळे चित्रित केले, आणि तीच त्यांची वर्गातली पहिली पूर्ण गोष्ट झाली. जुलैमध्ये ती आपल्या कार्यालयाच्या स्पर्धेला पाठवली. आपण ती मोठ्या पडद्यावर दाखवलीत आणि "आपल्या परंपरेचे जिवंत जतन" केल्याबद्दल प्रशस्तिपत्र दिलेत (संदर्भ १). आम्ही ते चौकटीत बसवून खोलीत लावले. पुढच्याच महिन्यात, त्याच गोष्टीतली दृश्ये पुरावा म्हणून जोडून, "शासकीय यंत्रसामग्रीस मद्य पाजून हानी केल्याबद्दल" नोटीस आली (संदर्भ २). दोन्ही कागदांवर आपलीच सही आहे. मी त्या दोन सह्या शेजारी ठेवून पुष्कळ वेळ पाहिल्या. यात काही चूक काढण्याचा माझा हेतू नाही. कुठल्या कागदाप्रमाणे वागावे, एवढेच मला उमगत नाही.

यावर एक गोष्ट निदर्शनास आणणे भाग आहे. सातवे यंत्र आधीपासून बंद होते, हे त्या चित्रणात स्पष्ट दिसत होते. मुले त्याची कळ दाबताहेत, ते उठत नाही, सगळे हसतात. परंतु स्पर्धेला वेळेची मर्यादा असल्याने तो भाग कापायला मीच सांगितले. "गोष्टीला त्याची गरज नाही," असे मी म्हणाले. मुलांनी कापला. संपूर्ण चित्रण खोलीतल्या यंत्रात आहे आणि खोली सीलबंद आहे.

५. ऑगस्टमध्ये आपले तंत्रज्ञ पाहणीस आले. यंत्राला नाक लावून ते म्हणाले, "ह्याला बिअरचा वास येतोय." बिअर नव्हती, पण वाद घातला नाही. श्री. हेर्मोहेनेस मात्र म्हणाले, "साहेब, वास तुमच्या जीपच्या पुढच्या चाकालाही येतोय. फितीही तशाच आहेत. आणि गाडी तर आली की घाट चढून." तंत्रज्ञसाहेबांना हे आवडले नाही. त्यांनी तिथल्या तिथे दाराला सील ठोकले. मी विनंती केली की तिसऱ्या यंत्रातली एक गोष्ट तेवढी काढून घेऊ द्या, ती या प्रकरणाची नाही. ते म्हणाले, "बाई, आत आहे ते सगळं आता पुरावा आहे. पुराव्याला हात नाही लावायचा." आपल्या कार्यालयाच्या दारावरही मंगळवारच्या फिती अजून आहेत, असे मी गेल्या खेपेस पाहिले. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. त्या फार सुरेख बांधल्या आहेत.

६. सील उघडावे म्हणून मी अर्ज केले. सीलवर पहारा देणारे गावच्या चौकीतले हवालदार श्री. सेनोन म्हणाले, "मला तंत्रज्ञांचा अहवाल आणा, मी लगेच उघडतो." तंत्रज्ञ म्हणाले, यंत्रे तपासल्याशिवाय अहवाल देता येत नाही, आणि यंत्रे सीलच्या आत आहेत. आपल्या कार्यालयाकडून एका अर्जाला उत्तर आले की, सध्या वर्गाकडे वापरात यंत्रे नसल्याने वर्ग चालू नाही असे समजण्यात येत असून, बंद असलेल्या वर्गाची खोली उघडण्याचे प्रयोजन दिसत नाही. पुढील शैक्षणिक वर्षी फेरविचार होईल. तोवर मी विणकाम शिकवावे. मी शिकवते आहे. मुले सुया हातात धरून गोल बसतात आणि गोष्टी सांगतात. त्याला मनाई असल्यास कळवावे.

७. सील पडल्यापासून मी रोज संध्याकाळी त्या दारापुढे उभी राहून एक जपमाळ म्हणत असे. दाराला किंवा सीलला स्पर्श केलेला नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, आता कुलपालाही नवस बोलता का?" श्री. सेनोन म्हणाले, "म्हणू द्या, साहेब. त्या आल्या की मलाही जरा बसता येतं." यावर "सीलबंद शासकीय मालमत्तेजवळ धार्मिक कृत्य करून दबाव आणू नये" अशी समज मिळाली (संदर्भ ३). समज मिळाल्यापासून मी माळ रस्त्याच्या पलीकडे उभी राहून म्हणते. तेथून दार दिसते. तेवढे अंतर पुरेसे आहे का, याची विचारणा मी केली होती. उत्तर नाही.

८. आता मूळ विषय. तिसऱ्या यंत्रात जी गोष्ट आहे ती सहावीतल्या योसेलिन वाराचीची, म्हणजे श्री. फेर्मिन यांच्या मुलीची.

त्यांच्या वाडीवर फोन लागत नाही, शाळेच्या टेकडीवर लागतो. त्यामुळे गावचे ट्रकवाले घरचा निरोप माझ्या फोनवर बोलून ठेवत आणि मी तो घरोघर पोचवत असे. त्या शेवटच्या खेपेत श्री. फेर्मिन यांनी बोलून ठेवलेला संदेश मजकडे राहिला होता. यंदा यंत्रे आल्यावर मी तो तिसऱ्या यंत्रात उतरवून घेतला, आणि बरे केले, कारण त्याच महिन्यात माझा फोन कायमचा बंद पडला. आता तो आवाज जगात एकाच ठिकाणी आहे.

योसेलिनने त्याचीच गोष्ट केली. इंजिनाचा आवाज फार होता, तो मुलांनी आठवडेच्या आठवडे बसून कमी केला. चित्रांत तिने वडील दाखवले नाहीत. मोकळा रस्ता, ट्रकची फाटकी ताडपत्री, चुलीवरचे झाकलेले भांडे, एवढेच आहे. संदेश असा आहे. मी लिहू शकते कारण आम्ही सर्वांनी तो अगणित वेळा ऐकला आहे:

"बाई, ऐका, साहेब आज हसले माझ्याकडे बघून. म्हणजे यंत्रं येणार. आली की आधी त्यांना पाजा, बाई. मगच कामाला लावा. तहानलेलं यंत्र मन लावून काम करत नाही." येथे ते खोकतात. "तुम्ही पिऊ नका, तुमचं माहितीये मला. तुम्ही पाणी शिंपडा तुमचं. योसेलिनला म्हणावं, लामा आत घे, गारा पडणार. आणि सेवेरिनाला सांगा, सूप झाकून ठेव. मी येतोच आहे."

त्या दिवशी मी चालत जाऊन तो निरोप त्यांच्या पत्नी श्रीमती सेवेरिना यांना दिला होता. त्यांनी सूप झाकून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी घाटातून माणसे येईपर्यंत ते झाकण कुणी काढले नाही.

महोदय, मृतात्मा उद्या दुपारी बाराला घरी येतो आणि परवा दुपारी बाराला जातो. श्री. फेर्मिन यांचे हे तिसरे वर्ष. तिसऱ्या वर्षी आत्म्याला शेवटचा निरोप द्यायचा असतो, त्यानंतर त्याच्यासाठी जेवणाचे मेज मांडायचे नसते, हे आपण जाणता, आपल्याही घरी कोणी गेलेच असेल. श्रीमती सेवेरिना यांनी आत्म्याला उतरायला पावाची शिडी, त्याच्या रूपाची पावाची बाहुली, टेकायला ऊस, सगळे केले आहे. जूनमध्ये गोष्ट पुरी होत आली तेव्हा त्या शाळेत आल्या होत्या. यंत्राकडे पाहिले नाही, माझ्याकडेच पाहत होत्या. म्हणाल्या, "दोन वर्षं जेवायला घातलं त्याला, बाई. येतो, जेवतो, जातो. बोलत नाही. यंदा त्याला बोलू द्या." मी त्यांचा हात धरून सांगितले की तो जाण्याआधी त्याचा आवाज मेजाशी असेल. त्या दिवशी शुक्रवार होता, माझ्या पोटात अन्न नव्हते, आणि उपाशीपोटी दिलेला शब्द मी आजवर मोडलेला नाही.

९. सबब मी आणखी काही अडून बसत नाही. यंत्राची हानी मी केली, असे लिहून द्यायला मी तयार आहे. दारू मी पाजली, असेही लिहून देते. हे खोटे होईल, आणि खरे बोलण्याचे माझे व्रत त्याने मोडेल, त्याचे मी पाद्रीबाबांपाशी पाहून घेईन. श्री. हेर्मोहेनेस यांना मात्र यात ओढू नये. ते रोज मला विचारतात, "बाई, सातव्याला शुद्ध आली का?" वर्ग दुसऱ्या कुणाकडे द्यावा. विणकाम मी निवृत्तीपर्यंत शिकवीन. सातव्या यंत्राचे निर्दोषत्व सिद्ध करणारे चित्रण मी पाहणारही नाही, त्याला हात लावणार नाही. फक्त तिसरे यंत्र, हवालदारांच्या देखत, एक तास. तासही नको. गोष्ट चार मिनिटांची आहे, ती काढून घेण्याइतका वेळ द्यावा आणि पुन्हा आपण स्वतः सील ठोकावे.

कुणी म्हणेल, बाई, सील म्हणजे लाखेचा एक थेंब, नखाने निघेल. श्री. सेनोन परवा पाठ फिरवून बराच वेळ उभे राहिले, तेही मला समजले. परंतु मी मुलांना दुसऱ्याच्या गोष्टीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही असे शिकवले आहे. आणि चोरून आणलेला आवाज मेजावर ठेवला तर तो माणूस जेवणार नाही, असे मला वाटते.

तरी कृपावंत होऊन या अर्जावर आजच आदेश द्यावा. आपण फक्त "उघडा" एवढा एक शब्द लिहून सही केलीत तरी श्री. सेनोन यांना पुरेल. आपल्या सहीवर माझा अजून विश्वास आहे.

आपली आज्ञाधारक,
एदुविहेस कोल्के पोमा
पाकोकाला, दि. ३१ ऑक्टोबर २०२३

सोबत :
१) प्रशस्तिपत्राची प्रत. मूळ पत्र सीलच्या आत भिंतीवर आहे.
२) नोटिशीची व समजपत्राची प्रत.
३) श्रीमती सेवेरिना वाराची यांनी आपल्यासाठी दिलेला एक पाव. ही लाच नव्हे. दिवंगतासाठी एक प्रार्थना म्हणणाऱ्यास द्यावयाचा तो पाव आहे. अट तेवढीच.

ता. क. (१ नोव्हेंबर, आपल्या कार्यालयाच्या पायरीवरून.)

काल शेवटच्या मिनीबसने मी येथे पोचले तेव्हा दार बंद झाले होते. आज सकाळी पुन्हा आले. पहारेकरी म्हणाले, "बाई, साहेब पाव भाजायला आपल्या गावी गेलेत. सगळेच गेलेत. शुक्रवारी या." आपल्याही घरी कोणी येणार असेल. आपण तेथे असणे योग्यच आहे, याबद्दल माझी तक्रार नाही.

पाव मी पहारेकऱ्यांना दिला. त्यांनी टोपी काढून श्री. फेर्मिन यांच्यासाठी प्रार्थना म्हटली. मग विचारले, "हे तेच ना, यंत्रवाले?" मी हो म्हटले. पाव त्यांनी अर्धा मोडून मला परत दिला, वाटेत होईल म्हणून.

अर्ज दाराखालून आत सरकवत आहे. आदेश झाल्यास तो सातव्या यंत्राच्या आणि मुलांच्या उपयोगी पडेल, म्हणून अर्ज मागे घेत नाही.

आज गाड्या नाहीत, चालकही आपापल्या मेजांशी गेले आहेत. आत्ता निघाले आणि रात्री घाटाखालच्या वस्तीत थांबले, तर उद्या बाराच्या आत वाडीवर पोचेन. संदेश मला तोंडपाठ आहे, खोकला कुठे येतो तेही. माध्यान्हीच्या घंटेआधी आवाज चढवता येणार नाही, म्हणून सर्वांना मेजाच्या अगदी जवळ बसायला सांगेन, वर्गात सांगते तसे. तेव्हाही श्री. फेर्मिन यांनी "सेवेरिनाला सांगा" असे मलाच म्हटले होते, आणि निरोप मीच पायी नेला होता.

निघते.

ए. को. पो.